शेंडेफळाचं घर

प्रिय निकासियो,

तू शहरात बरा असशील, आणि नसलास तरी फोनवर बरा आहे असंच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. इथे सगळं ठीक. कॉफीची फळं लाल व्हायला लागलीत, तुझी बहीण ओकोत्लान उजाडल्यापासून मळ्यात असते, आणि परवा रानातला कोयोट आपली पिवळी कोंबडी घेऊन गेला. मी मागे धावले नाही. तो बिचारा एका कोंबडीवर राजी असतो. दोन पायांच्या कोयोटांचं तसं नसतं.

त्यातलाच एक, कॉफीचा दलाल आर्नुल्फो, गेल्या आठवड्यात दारात उभा राहिला. लहानपणी तू विचारायचास, आई, रानातलं जनावर कोयोट, बूट घालून येणारा, आपली भाषा न बोलणारा माणूसही कोयोट, आणि कॉफी तोलून नेणारा दलालही कोयोटच कसा? मी म्हणायचे, तिघंही घराभोवती घिरट्या घालतात आणि काय न्यायचं ते आधीच बघून ठेवतात. तू घाबरून कुशीत शिरायचास. मग मी म्हणायचे, तू कशाला घाबरतोस, तू तर माझा शोकोयोट, माझं शेंडेफळ. म्हातारपणी मला सांभाळायचं आणि माझ्यामागे हे घर घ्यायचं, अशी आपली रीतच आहे.

तर आर्नुल्फोला बसवलं, कॉफी दिली. त्यानं आधी धुक्याची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्यांची, आणि मग हळूच म्हणाला, की तुमच्या मुलानं हे घर आणि मळा मला द्यायचं कबूल केलंय, धाकट्याचं घर ही तुमचीच रीत ना? मी म्हटलं, "रीत खरी आहे. पण माझी शवपेटी या दारातून त्यानं खांद्यावर नेली, की मग घर त्याचं. मी तर अजून तुम्हाला कॉफी पाजतेय." अर्धा कप तसाच टाकून गेला. तो असेपर्यंत हसले खरी, पण नंतर चुलीपाशी बसून रडले. तेही लिहिते, तुझ्यापासून काय लपवायचं?

रविवारी गावसभेत विषय निघालाच. म्हातारे एलेउतेरिओ उठून म्हणाले, निकासियो आता कोयोट झाला. आपली पांढरी विजार टाकली, सणाला येत नाही, गावकीच्या कामाला हात लावत नाही, तेव्हा त्याला गावातून कमी करा. तसं झालं असतं तर घरावरचा तुझा हक्क गेला असता आणि आर्नुल्फोची कटकटही मिटली असती. मी नुसती गप्प बसले असते तरी पुरलं असतं. पण मग उद्या मेल्यावर तुला बापाशेजारी मातीसुद्धा मिळाली नसती. मी उठले. म्हटलं, "पाण्याचा चर त्याच्या वाट्याचा कुणी खणला? मी. रस्त्यावरची दरड कुणी उपसली? मी. ज्याच्या घरची गावकी एकदाही चुकली नाही, तो कोयोट कसा?" बायका खुदखुदल्या, कारण चिखलात फावडं घेऊन मी कशी दिसते हे त्यांनी पाहिलंय. एलेउतेरिओ पुटपुटले, हिच्या तोंडी कोण लागणार. शेवटी ठरलं, की तू गावचाच. आणि गावच्या माणसाला सभेला विचारल्याशिवाय घर बाहेरच्याला विकता येत नाही. आता विचारून बघ, मी पुढेच बसलेली असते.

रागावशील. रागाव. पण बाळा, घर कशासाठी विकत होतास ते मला कळलंय. तुझ्याबरोबर राहणाऱ्या मार्सियानोच्या आईनं सांगितलं, की पैसे घेऊन माणसांना उत्तरेच्या सीमेपार नेणाऱ्या कुणाशी तुझं बोलणं झालंय. त्यालाही लोक कोयोटच म्हणतात. म्हणजे एका कोयोटाला घर द्यायचं आणि दुसऱ्याच्या मागे वाळवंटात जायचं! मला भीती वाटते, फार वाटते. तरी जाऊ नकोस असं म्हणणार नाही. ओकोत्लानची नाळ मी चुलीपाशी पुरली होती, पण तुझी परसातल्या झाडाच्या शेंड्याला बांधली, मुलगा उंच चढो, लांब जावो म्हणून. आता कुठल्या तोंडानं अडवू? एवढंच सांगते, घर विकून जाऊ नकोस, घर ठेवून जा. हे पत्र त्यासाठीच. त्याच सभेत नव्या वर्षाचा गावचा पहारेकरी नेमायचा होता, आणि मी तुझ्या नावानं हो म्हणून आले. ज्याच्याकडे गावचं काम आहे त्याला कुणी गावातून कमी करू शकत नाही, तो कुठेही असो. पहारेकऱ्याची काठी दाराशी उभी केली आहे. तू येईपर्यंत दर रविवारी ती घेऊन मी सभेला जाईन. बायका हसतील, हसू देत. फक्त ती मला जरा उंच पडते. तुझ्या मापाची आहे.

तुझीच, अजून ठणठणीत असलेली,
आई