कुलूपबंद पूर्वतयारी

३ मे, शनिवार. सकाळी ११.१५
संकल्प: यंदा मुलींच्या शाळेची सगळी तयारी मी करणार. एकट्याने. सकाळी नाश्त्याला जाहीर केलं. बायको म्हणाली, बरं. थोरली नुसती माझ्याकडे बघत राहिली.
दहालाच नोंद करायला बसलो होतो, पण रोजनिशीच सापडेना. सव्वा तास शोधली. इस्त्रीच्या टेबलाखाली होती. कोणी ठेवली देव जाणे.
कारणही लिहून ठेवतो. गेल्या वर्षी चौथीच्या पहिल्या दिवशी थोरली एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून गेली. घाईघाईत मीच काढून दिले होते. शाळेच्या फाटकापाशी तिने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात सोडून आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं. यंदा धाकटी पहिलीत जाणार, मोठ्या शाळेत. तिच्या बाबतीत असं होऊ देणार नाही.
बावीस वर्षं गोदाम सांभाळतोय. चार हजार प्रकारचे सुटे भाग डोळे मिटून काढून देतो. दोन दप्तरं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

४ मे, रविवार
हॉलमधलं लोखंडी कपाट रिकामं केलं. चादरी सोफ्यावर. बायकोने विचारलं, पाहुणे कुठे बसणार? सांगितलं, व्यवस्था तात्पुरती आहे.

१० मे, शनिवार
खरेदी पूर्ण! शाळेला महिना असताना! युनिफॉर्म, दप्तरं, बूट, डबे, बाटल्या. प्रत्येक वस्तूला लेबल, प्रत्येक खणाला नोंदपत्रक. खोडरबरसुद्धा क्रमांकाने.
थोरलीने तिचा पहिलीतला जुना युनिफॉर्म मागितला. जुनं दप्तरही. भंगार सगळं. लगेच देऊन टाकलं, तेवढीच जागा झाली.

११ मे, रविवार. संध्याकाळी
धाकटीला नवं दप्तर पाठीला लावून बघायचं होतं. नियम समजावला: मागणीची चिठ्ठी आणायची, मग माल मिळतो. तिला अजून लिहिता येत नाही, म्हणून दप्तराचं चित्र काढून आणलं. चित्र छान होतं, पण त्यावर तारीख नव्हती. मंजूर करता आलं नाही. खूप रडली. शिस्त सुरुवातीला कडूच लागते.

१७ मे, शनिवार
साठ्यात तफावत! खोडरबर क्र. ३ गायब. धाकटीच्या उशीखाली सापडलं.
यापुढे कुलूप. दुकानातलं सगळ्यात भारी घेतलं. दाबलं की बसतं. दुकानदार म्हणाला, हातोड्याने फोडलंत तर पैसे परत. दोन चाव्या. जादा चावी कपाटातच, वरच्या खणात, ‘जादा चावी’ असं लेबल लावलेल्या डबीत. प्रत्येक वस्तू जागच्या जागी.

१८ मे, रविवार
मूळ चावी घड्याळामागे ठेवली. धाकटीने बघितलं. मग साखरेच्या डब्यात. बायकोच्या चहात पडता पडता राहिली. या घरात सुरक्षित जागा म्हणून नाही.

१९ मे, सोमवार. दुपारी, गोदामात
एकदम सुचलं. गोदामातल्या फलकावर एकशे चाळीस चाव्या लटकतात. एकशे एक्केचाळिसावी कोण बघतो? टांगून टाकली. ओळखू येऊ नये म्हणून टॅगही लावला नाही. माझं डोकं कधीकधी मलाच थक्क करतं.

२४ मे, शनिवार
निवांत. बाकीचे आईबाप आता कुठे याद्या करत असतील. कीव येते.
थोरली जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून दोऱ्याने शिवत बसलेली असते. दुपारी मावशीकडे शिलाई मशीन शिकायला जाते म्हणे. पलंगाखाली पिशव्यांचा हा पसारा! बोललो. तिने पिशव्या आणखी आत सरकवल्या. व्यवस्थितपणाचा गुण एकीनेही माझा घेतला नाही.

३१ मे, शनिवार
मंगळवारी गोदामाची तपासणी. माझ्या सहीने परिपत्रक काढलं: फलकावर टॅग नसलेली चावी आढळल्यास ती ताबडतोब भंगारात टाकावी. अपवाद नाही. साहेब म्हणाले, असंच काम हवं. दिवसभर छाती फुगलेली होती.

६ जून, शुक्रवार
सोमवारी शाळा. चावी आणायला फलकापाशी गेलो. चाव्या एकशे चाळीस. तीनदा मोजल्या. एकशे चाळीसच.
हेडक्लार्कबाई म्हणाल्या, एक बिनटॅगची सापडली होती, तुमच्या परिपत्रकाप्रमाणे भंगारात टाकली, गाडी बुधवारी गेली. त्यांना शाबासकी द्यावी लागली.

७ जून, शनिवार. सकाळी ९
घाबरण्याचं कारण नाही. म्हणूनच तर माणसाने जादा चावी ठेवायची असते.

सकाळी ९.१०
जादा चावी कुठे आहे ते आठवलं.

८ जून, रविवार
शेजाऱ्यांची लोखंड कापायची करवत आणली. दोन पाती तुटली. कुलपावर ओरखडा नाही. दुकानदार सज्जन माणूस. चावीवाला म्हणतो, उद्या दुपारी येतो.
बायकोने विचारलं. सांगितलं, सगळं ताब्यात आहे. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.
धाकटीने विचारलं, उद्या दप्तर मिळेल ना? हो म्हणालो. मग तिने विचारलं, चिठ्ठी लागेल का? नाही म्हणालो. उठून पाणी प्यायलो.

९ जून, सोमवार. सकाळी ६.३०
बायको ड्यूटीवर गेली. शाळेतल्या बाईंसाठी पत्र लिहायला बसलो. “काही तांत्रिक अडचणींमुळे” इथपर्यंत आलो.

सकाळी ७
दोघी दारात तयार उभ्या! धाकटीच्या अंगावर थोरलीचा पहिलीतला युनिफॉर्म, उंचीला बेताचा करून इस्त्री केलेला. पाठीला धुतलेलं जुनं दप्तर. दप्तरावर तिने काढलेलं ते चित्र, नीट टाचलेलं. खाली तारीख: ११ मे, थोरलीच्या अक्षरात. थोरलीच्या अंगावर गेल्या वर्षीचाच युनिफॉर्म, खांद्याला बाजाराची पिशवी, तिच्यात शिवलेल्या वह्या. बूट चार. चारही काळे.

सकाळी ८
सोडून आलो. फाटकापाशी धाकटीने एकदा मागे वळून बघितलं. थोरलीने तिचा हात धरला होता. दुसऱ्या हातात माझा होता. आत जाताना तिने तो जरा दाबून मग सोडला.
शेवटी रक्त बोलतंच. नियोजन अंगातच असावं लागतं, ते तिने माझ्याकडूनच घेतलं.

सकाळी ८.२०
मुलींचा पलंग आवरताना उशीखाली कागद सापडला. थोरलीचं अक्षर.
“धाकटीसाठी माझा युनिफॉर्म मागून घेणे. मावशीकडून आखूड करणे. जुने बूट पॉलिश करणे, जोडी तपासणे. जुनं दप्तर धाकटीला, मला पिशवी चालेल. आईला सांगणे. बाबांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटतं.”
वर तारीख, आणि माझ्यासारखीच वेळसुद्धा घातलीय. ३ मे, सकाळी १०.२०.
म्हणजे मी तेव्हा रोजनिशी शोधत होतो.