खोटी पेशंट

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. माझा गुडघा आहे तसाच आहे, खिडकीचं दार अजून कुरकुरतं, आणि तुमच्या चष्म्याची काडी आता सैल होत नसेल अशी आशा आहे. चष्मेवाले परवाच विचारत होते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही.

तर, मी पुन्हा नोकरी धरली. हसू नका. खोटी पेशंट म्हणून. गुप्तरोगाच्या तपासण्या करणारे दवाखाने वयस्कर माणसांशी कसे वागतात, यावर संशोधन चाललंय. दवाखान्यांची संमती असते, पण खोटा पेशंट कोण आणि कधी येणार हे त्यांना सांगत नाहीत. मी जायचं, पढवलेली गोष्ट सांगायची, आणि बाहेर येऊन कोण कसं वागलं ते तक्त्यात भरायचं. जन्मभर ग्रंथालयात "शांतता राखा" म्हणत बसलेल्या बाईला हे काम कोणी दिलं, असं तुम्ही विचाराल. संशोधनवाल्या बाई म्हणाल्या, "काकू, तुमच्या चेहऱ्याकडे बघून कुणाला संशय यायचा नाही."

गोष्ट अशी: नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आता एका गृहस्थांशी जवळीक झालीय, लग्नाचं चाललंय, तेव्हा तपासून घ्यायचंय. गृहस्थ कसे, ते ज्याचं त्यानं रचायचं. मी म्हटलं, उंच, काम करताना शीळ घालणारे, चहात साखर न घेणारे. बाई म्हणाल्या, "वा काकू, काय कल्पनाशक्ती!"

पहिल्या दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत खिडकीवरची मुलगी ओरडली, "आजी, गुडघ्याचे डॉक्टर वरती!" खरं कारण सांगितलं, तर तेही तिनं तेवढ्याच आवाजात आत कळवलं. बाकावरचे अकरा जण सरकून बसले. दुसरीकडे डॉक्टरांचेच कान लाल झाले. "या वयात?" म्हणाले, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, ते काही सांगितलं नाही.

तिसरीकडे एक नर्स होती. तिनं आधी दार लावलं, खुर्ची जवळ ओढली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते तुमच्याशी नीट वागतात ना, मावशी?"

हा प्रश्न पढवलेल्यात नव्हता. मला रडूच कोसळलं. म्हटलं, फार नीट वागतात गं. माझ्या चष्म्याची काच पुसून दिल्याशिवाय मला दुकानातून जाऊ देत नाहीत.

सुई टोचायची वेळ आली की काहीतरी सबब सांगून निघायचं, असा आमचा नियम. मी बाही वर केली. वर नावही खरं सांगितलं.

संशोधनवाल्या बाईंनी तो तक्ता रद्द केला. "काकू, तुम्ही गोष्ट सोडून बोललात!" मी म्हटलं, "नाही हो, गोष्टीतलंच बोलले." त्यांना कळायला मिनिटभर लागलं. मग त्यांनी मला चहा पाजला आणि कामावरून काढून टाकलं. धरलेली नोकरी अशी सुटली.

तपासणीत काही निघालं नाही. त्यांचीही करून घेतली. सुई बघून एवढा उंच माणूस आडवा झाला, बाकी सगळं ठीक आहे.

वन्सं, ते कोण हे आता तुम्हाला कळलंच असेल. तुमची काडी त्यांनीच बसवून दिली होती. तुमचे दादा माझ्या मनातून गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. पण संध्याकाळी कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं बोलावंसंच वाटतं असंही नाही. नर्सला हे एका दमात सांगितलं, तुम्हाला सांगायला पाच कागद फाडले. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुम्हाला विचारायचं होतं. माहेरचं माझं कुणी उरलं नाही, तुम्हीच आहात. तुम्ही येणं बंद केलंत तर मला ते सोसायचं नाही.

पुढच्या महिन्यात डोळे तपासायला याल ना? उतरायचं माझ्याकडेच.

सही करताना अडले. तेहतीस वर्षं खाली एकच लिहीत आले, याही वेळी तेच लिहितेय. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा, माझ्या हातून ते व्हायचं नाही.

तुमची
वहिनी