वैशाखऱ्यावर फटफटीची स्वारी

२ फेब्रुवारी १९४६, शनिवार
फटफटी आली. कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातून भंगारात निघालेली, पण इंजिन शाबूत. बाबांनी ती गवताच्या वखारीच्या कामासाठी घेतली, असं त्यांना वाटतं. खरं काम मला माहीत आहे. ही शिकायची, शहापूरहून थेट वैशाखऱ्याला जायचं आणि त्या कुंडलिकला त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांदेखत तुडवायचा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. गेल्या महिन्यात म्हसा गावच्या जत्रेत त्याची बैलगाडी शर्यतीत आमच्या पुढे जायला लागली. मी फक्त त्याच्या बैलाच्या तोंडावर काठी मारली. एवढ्यासाठी हा गाडी थांबवून उतरला, आणि भर जत्रेत माझ्या मुस्काटात दिली. बहीण चिमी तिथेच उभी होती. म्हणाली, "बरं झालं." तिला मानापमान कळत नाही.

पंधरा दिवसांत शिकून होईल. वीस वर्षांच्या तरण्या माणसाला काय लागतं?

३ फेब्रुवारी, सकाळ
किक मारली. फटफटीने उलटी मारली. नडगी फुटली. मी ओरडलो नाही. जे ओरडणं ऐकू आलं ते रागाचं होतं.

दुपार
चुलीचं लाकूड घेऊन फटफटीला बडवली. दिव्याची काच गेली. लाकूडही गेलं. आई म्हणाली, "अरे लोखंडाला काय लागतंय रे, अनंता?" लागतं. यापुढे ती माझ्या धाकात राहील.

६ फेब्रुवारी
उस्ताद केला. आमच्या आळीतला गणू. लढाईत मिलिटरीची लॉरी हाकायचा, आता घरी बसून मिशा वाढवतो. शिकवण्याची पद्धत सोपी आहे. माझं चुकलं की मानेवर फटका. क्लच एकदम सोडला, फटका. दुसऱ्यांदा खाली बघून सावकाश सोडला, तरी फटका, कारण खाली बघितलं.

मी त्याला तिथेच लोळवला असता. पण उस्तादावर हात टाकणं आपल्यात बसत नाही. शिवाय त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे.

१२ फेब्रुवारी
चालली! शाळेपासून बाजारापर्यंत चालली! थांबवायचं अजून शिकलो नाही, त्यामुळे ताराबाईच्या परड्यात शिरावं लागलं. दोन कोंबड्या जागीच ठार. तिसरी अर्धवट, तिला ताराबाईने स्वतः मोकळं केलं. मग खराटा घेऊन माझ्याकडे वळली. बाईमाणसावर हात उचलायचा नाही हे माझं तत्त्व. ताराबाईचं तसं काही तत्त्व नाही. पाठ सुजली आहे.

कोंबड्या अर्थात आमच्याच घरी शिजल्या. रस्सा बरा होता.

१९ फेब्रुवारी
पंधरा दिवस उलटून गेले. घाई नको असं ठरवलं आहे. शत्रूला आधी घाबरायला वेळ द्यावा.

आज बाबा वैशाखऱ्याला गेले. विचारलं तर म्हणाले, गवत बघायला. दोन्ही मामांना घेऊन, कोट घालून कोण गवत बघतं? मी सगळं ओळखलं. पोराच्या अपमानाचा जाब विचारायला गेले आहेत. माझ्यापासून लपवतात, कारण माझा राग त्यांना माहीत आहे.

परत आले तेव्हा खुशीत होते. म्हणजे चांगलाच दम भरला असणार.

४ मार्च
गणूशी मारामारी. वळणावर मी गॅस सोडायच्या ऐवजी पिळला, आणि आम्ही दोघं कोंडूच्या बैलावर गेलो. बैलाने आधी फटफटीला उडवलं, मग गणूला. मी शहाणपणाने झाडावर होतो. गणू उठून झाडाखाली आला आणि म्हणाला, "खाली ये, तुला ब्रेक दाखवतो." खाली उतरलो. ब्रेकबिक काही नव्हतं. एक दात गेला. दाढेकडचा आहे, हसताना दिसणार नाही. मीही त्याच्या नाकावर चांगला गुद्दा दिला. तो त्याला लागला नाही ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी गणूच आला, हळद घेऊन. उद्यापासून पुन्हा शिकवणी.

१८ मार्च
काल होळी होती. सगळ्या गावाला दाखवावं म्हणून चौकातून जोरात निघालो. गॅस अडकला. समोर होळी. डावीकडे पोरं, उजवीकडे म्हातारीकोतारी. मी पोरांना वाचवलं, म्हाताऱ्यांना वाचवलं आणि होळीतून आरपार गेलो. हे कोणी लक्षात घेत नाही.

धोतर पेटलं. लोक धावले, मला लोळवलं आणि गोणपाटं, जोडे, काठ्या, हाताला येईल त्याने बडवून आग विझवली. आग लवकर विझली. बडवणं त्यानंतरही बराच वेळ चाललं. ताराबाई तर मागाहून आली आणि तिला जागा करून दिली.

पोटरीवर फोड आहेत. पालथा निजून लिहितो आहे. फटफटीला काही झालं नाही, हरामखोर.

२६ मार्च
बरा आहे. आरपार जाणारा माणूस म्हणून गावात माझी धास्ती बसली आहे. मी दिसलो की बाया पोरांना आत ओढतात.

घरात मात्र सगळे कुजबुजतात. मी आत गेलो की गप्प. चिमी हल्ली गुणगुणते. आज तिने मला विचारलं की वैशाखरे लांब आहे का, तिथे पाणी कसं आहे. मी म्हणालो, "तू काळजी करू नको, तिथलं पाणी मी कुंडलिकला पाजणार आहे." ती हसत सुटली. भावाचा अभिमान वाटला असेल.

६ एप्रिल, शनिवार
घर माझ्या पाठीशी उभं राहिलं!

जेवताना बाबाच म्हणाले, "अनंता, तुला वैशाखऱ्याला जायचं होतं ना? उद्याच जा." आई म्हणाली, भाकरी बांधून देते. मामांनी पेट्रोल आणून ठेवलं. गणू म्हणाला की आता तुझं शिक्षण पुरं झालं. चिमी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दादा, जाऊन ये, पण घाई नको करू. संध्याकाळ झाली तरी चालंल."

केवढी ही माणसं! इतके दिवस मी त्यांना भित्रं समजत होतो. बांबूची काठी तासून ठेवली आहे.

७ एप्रिल, रविवार, पहाट
निघालो. कुंडलिकचा आज शेवट.

११ एप्रिल
उजवं मनगट मोडलं आहे. डाव्या हाताने लिहितो. झालं ते जसंच्या तसं लिहितो, उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही.

किन्हवलीपर्यंत सुखरूप. एकदाच पडलो. पुढे अरुंद रस्त्यावर समोरून एक लॉरी आली. आत फेटेवाली माणसं, नटलेल्या बाया, ताशा वाजतो आहे. बाजूला व्हायचं नाव नाही. मला चारीत घातलं आणि वर हसले. मी उठून दगड मारला. नेम बसला. आत कोणीतरी "मेलो गो आये" म्हणून बोंबललं. लॉरी थांबायच्या आत मी पसार. पुढच्या कामगिरीच्या दृष्टीने हा शुभशकुनच वाटला.

वैशाखऱ्याला दुपारी पोचलो. कुंडलिकचं घर विचारलं. घर दिसलं, ब्रेक दाबला, ब्रेक लागला नाही. कुडाची भिंत फोडून मी थेट त्याच्या स्वयंपाकघरात. गाडगी फुटली, चूल फुटली. घरात एकटी त्याची आत्या अंबूबाई होती. मी काठी उगारून ओरडलो की कुठे आहे तो कुंडलिक. तिने मुसळ उचललं. माझी काठी बांबूची, मुसळ खैराचं. काठी मोडली. मग खांदा, मग गुडघा. मी खाली बसल्यावर तिने विचारलं की तू कुणाचा कोण.

मी म्हणालो, आधी तो कुठे आहे ते सांग.

ती म्हणाली, "तो हितं कशाला र्‍हातोय? समदी गेली शहापूरला, लॉरी करून. आज सुपारी फुटायची हाय त्याची. देवजी गवतवाल्याची पोरगी केलीय."

शहापुरात देवजी गवतवाला एकच. त्याला पोरगीही एकच. आणि पोरगा मी.

अंबूबाईला हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, मला पाणी दिलं, भाकरी दिली आणि भिंतीसाठी आणखी एक तडाखा दिला.

मग मी फटफटी काढली. अशी कधी हाकली नव्हती. मुरबाड मागे पडलं ते दिसलंही नाही. डोक्यात एकच, सुपारी फुटायच्या आत पोचायचं आणि मांडवात त्याला फोडायचा. उन्हं कलली. काळू नदीच्या उताराला तीच लॉरी समोर. परत चालली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी फेटा बांधलेला कुंडलिक. मी हँडल सोडून मूठ उगारली.

हँडल सोडायला नको होतं.

फटफटी लॉरीच्या चाकाखाली गेली. मी करवंदीच्या जाळीत. कुंडलिक उडी मारून धावत आला. मी डाव्या हाताने दगड उचलून त्याच्या तोंडावर मारला. तो माझ्याच गुडघ्यावर पडला. मग लाथ मारली. त्याने पाय धरला, दुसरा धरला, मला लाकडाच्या ओंडक्यासारखा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चला मेव्हणं. घरचं माणूस रस्त्यात पडलेलं बरं नाय दिसत." त्याने मला मारलं नाही. एवढा अपमान जत्रेतही झाला नव्हता.

लॉरीत त्याचे मामा डोक्याला फडकं बांधून बसले होते. फडक्यावर रक्त. त्यांनी मला ओळखलं. लॉरी उलटी फिरवून शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते माझ्या मोडलेल्या मनगटाच्या बाजूलाच बसले होते. धक्के फार बसत होते. सगळेच रस्त्याचे नव्हते.

१४ एप्रिल
चिमी आली. मी भिंतीकडे तोंड केलं. ती बसली आणि म्हणाली, "दादा, तुला सांगितलं असतं तर तू मांडव पेटवला असतास. म्हणून तुला घालवला. माझं चुकलं असंल तर मार मला." मग म्हणाली, "हरत्या शर्यतीत कुणी पण बैलाला मारतो. जिंकती शर्यत सोडून बैलासाठी उतरलेला मी एकच बघितला. तवाच मनात बसला."

जाताना माझ्या उशाला पाणी ठेवून गेली. रडत होती. मलाही डोळ्यात काहीतरी गेलं.

हरत्या शर्यतीत बैलाला कोण मारतो म्हणाली, ते नीट कळलं नाही.

६ मे, सोमवार
काल लग्न झालं. मी बहिष्कार टाकणार होतो. पण सकाळी बायका बोलवायला आल्या आणि आठवण करून दिली की नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. भर मांडवात, सगळ्यांसमोर. आणि नवऱ्याने काही बोलायचं नाही!

हे माझ्या लक्षातच नव्हतं. फटफटी नको, काठी नको, शास्त्रानेच त्याला माझ्या हातात दिला. पहाटेपासून डाव्या हाताची बोटं मोकळी करत बसलो. असा पिळायचा ठरवला की कान हातात यावा.

वेळ आली. ताशा थांबला. कुंडलिक खाली बसला. सगळं वैशाखरे, सगळं शहापूर बघत होतं. मी कान धरला. चिमीने माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही. सगळी ताकद बोटांत आणली आणि दात खाऊन पिळला. खांदा ठणकला, मनगट ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, घाम फुटला, तरी सोडला नाही.

कुंडलिक मान तिरकी करून नुसता बसून होता. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "मेव्हणं, पिळा की आता. भटजी खोळंबलेत."