रोमच्या गल्लीत वाजवलेला हॉर्न

बाबा, आईला मी रोम दाखवून आणलं. ती मुंबईहून आली, मी कुवेतहून गेलो, आणि तिथल्या विमानतळावर आमची गाठ पडली. साडीवर स्वेटर, पायात माझेच जुने बूट. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "वाळलास की रे." मग मी तिला भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर नेलं. तुम्ही गेलात त्यानंतरचं, म्हणून तुम्हाला ठाऊक नसणार, हल्ली मी हेच काम करतो. कुवेतला सुलैबियातल्या यार्डातून भाड्याच्या गाड्या काढून गिऱ्हाइकांच्या दारात पोचवायच्या. कॉलेज सोडल्यापासून धरलेली ही कितवी नोकरी, ते विचारू नका. तर काउंटरवरची बाई म्हणाली, शहरातच राहणार असाल तर गाडी कशाला घेता? जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, उभी करायला जागा मिळत नाही, सगळं चालत बघण्यासारखं आहे. मी मनात म्हटलं, बाई, गाड्यांचं मला शिकवू नको. कुवेतला पायी चालणारा दिसला की लोकांना वाटतं, ह्याच्याकडे गाडी नाही. आणि खरं कारण म्हणाल तर आईनं मला गाडी चालवताना कधी बघितलं नव्हतं.

ती सरळ डावीकडचं दार उघडून बसायला गेली. "अरे, इथं तर चाक हाय!" मी म्हटलं, ती माझी बाजू, तू पलीकडून ये. "मग मी मागं बसू का, शेठाणीसारखी?" म्हणत हसत हसत पुढेच बसली. गाडी गिअरची निघाली. माझा हात ऑटोमॅटिकवर बसलेला, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला आम्ही बंद पडायचो आणि मागचे ओरडायचे. ते गोल मोठं पडकं मैदान आहे ना, जिथं पूर्वी माणसं आणि जनावरं लढवायचे, त्याच्याभोवती मी फिरतोय फिरतोय, उभं राहायला जागाच नाही. शेवटी आई म्हणाली, "प्रदक्षिणा झाल्या रे बाबा, आता उतरून पाया तरी पडू दे." दोन दिवस हे असंच. तिनं रोम बघितलं ते काचेतून, आणि अर्धा वेळ माझ्या कपाळावरच्या आठ्या बघण्यात गेला.

मग ती सकाळ. आईला चहा पाहिजे होता. तिचं तुम्हाला माहीत आहेच, चहाशिवाय तिचं तोंड उघडत नाही आणि उघडलं तर बरं नसतं. एका अरुंद गल्लीत कॉफीचं छोटं दुकान दिसलं. मी दोन चाकं फुटपाथवर चढवली, काच खाली केली आणि हॉर्न दिला. दोनदा, छोटासा. काही विचार करून नव्हे, बाबा. हात आपला आपण गेला. कुवेतला दुकानासमोर गाडी थांबली की हॉर्न देतात, माणूस बाहेर येतो, चहा गाडीत मिळतो; उन्हात कोण उतरतं? आणि इथं तर ऊनही नव्हतं, गार छान हवा होती.

आतून एक म्हातारा आला. कमरेला ऍप्रन, हात पुसत पुसत, घाईनं. त्याला वाटलं असणार, कोणाला तरी काहीतरी झालंय. गाडीच्या पुढून वळून माझ्या काचेशी वाकला आणि चेहऱ्यावर काळजी. मी म्हटलं, "टू टी. मिल्क." त्याला कळेना. मग कळलं. तो रागावला नाही. त्यानं आधी माझ्याकडे, मग आईकडे बघितलं, आणि हातानं आतल्या खुर्च्या दाखवल्या.

आई तोवर उतरलीसुद्धा होती. "कोणाला बोलावलंस?"

"चहा सांगितला गं."

"हॉर्न मारून?"

ती म्हणाली, "तुझा बाप ताटावरनं उठायचा, विसरलास?"

कसं विसरेन. कुवेतच्या चहाच्या दुकानातून सुट्टीवर आलात की तुम्ही चुलीसमोरच पाट घेऊन बसायचा, आई गरम भाकरी वाढायची. खाली रस्त्यावर एसटीचा नाहीतर मच्छीवाल्याचा हॉर्न वाजला की घास हातात धरून तुम्ही उभे. मग आजूबाजूला बघून हळूच खाली बसायचा. मला फार हसू यायचं. एकदा तुम्ही म्हणालात, "हस, हस. अरे, तिथं हॉर्न हेच माझं नाव आहे. दुसरं कोणाला ठाऊकच नाही." आणि तुम्ही स्वतःही हसलात. आई तेवढी हसली नव्हती. ती तव्याकडे बघत बसली, आणि भाकरी करपली. तिची भाकरी करपलेली मी तेव्हाच बघितली.

गाडी तिथं ठेवता येईना. मागून दुसरी येऊन उभी राहिली. आईला आत बसवून मी पुढे निघालो आणि एकेरी रस्त्यांत असा अडकलो की ती गल्ली परत सापडेना. आईकडे तिथला फोन नाही, हिंदी-मराठीपलीकडे बोली नाही. घाम फुटला मला. शेवटी कुठल्याशा चर्चजवळ गाडी टाकली आणि धावत, लोकांना विचारत पोचलो. तर ती निवांत बसलेली. म्हातारा समोरच्या खुर्चीवर, आपल्या भाषेत काहीतरी सांगतोय, आई मराठीत "व्हय व्हय" करतेय. मला खुर्ची सरकवली तिनं. चहा संपवला. मग विचारलं, "कुवेतला पण असंच करतोस?"

"नाही गं," मी म्हणालो. "इथं जागा नव्हती म्हणून."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला बरं वाटलं. ते स्पष्ट दिसलं मला, बाबा. त्यानंतर ती गाडीत बसली ती एकदम विमानतळावर जाताना. बाकीचे दिवस आम्ही चाललो. जुने बूट तिला चावत होते, पण ती माझ्या पुढेच.

कुवेतला परत आल्यावर एका शुक्रवारी मी मुद्दाम रुमैथियाला गेलो. तुमचं ते चहाचं दुकान आहे अजून. पाटी बदललीय, आत आता केरळचे लोक आहेत. ठरवून गेलो होतो, उतरायचं, आत जायचं, काउंटरशी उभं राहून चहा प्यायचा. गाडी थांबवली. बाहेर पन्नासच्या घरातलं ऊन, आत एसी. दाराला हात लावला तोच आतला माणूस धावत आला. मी हॉर्न दिलाही नव्हता. केस पिकलेले, कपाळावर रुमाल. म्हणाला, "बैठो साब, बैठो, लाता हूँ."

मी बसलो. चहा घेतला, काच वर केली.

आई फोनवर गावातल्या बायकांना सांगते, माझा पोरगा बापासारखाच आहे, कोणाला राबवून घेणार नाही. तुमचा एवढाच एक पत्ता मला ठाऊक आहे, घरचा. तिथं हे पत्र टाकलं तर ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल. म्हणून नाही टाकत.