अजून वापरात

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! ट्रकच्या केबिनमध्ये आतडी एकमेकांत गुंतायची तेवढी बाकी राहिली होती, पण तळावर उतरून समोरचे डोंगर बघितले आणि सगळा शीण गेला. हवा अशी स्वच्छ, की आमच्या शहरी फुप्फुसांना विश्वासच बसेना. खोली स्वतंत्र मिळाली आहे. एक खाट, एक टेबल, एक शेगडी, आणि खिडकीतून थेट रोपवे दिसतो. सैन्याचा माणूस मी नव्हे. सामानावर नजर ठेवणारी सिस्टीम बसवायला पाठवलेला साध्या कपड्यातला प्राणी. अगदी टोकाच्या चौकीवर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला नखाएवढा टॅग लावायचा, म्हणजे ती कुठे आहे, कशी आहे, ते पडद्यावर दिसतं. चौकी वर ढगात आहे, इथून दिसत नाही. हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, उन्हाळ्यापासून तिथेच आहे. खरं तर म्हणूनच हे काम मी मागून घेतलं. कित्येक आठवड्यांत त्याचं पत्र नाही, आणि हिने निघताना बजावलंय, की बर्फाने वाट बंद व्हायच्या आत त्याला सुट्टीवर खाली आणा, नाहीतर घरी तोंड दाखवू नका. माझं तोंड बघायची तिला एरवीही फारशी हौस नाही, पण भाऊ म्हणजे जीव की प्राण.

५ ऑक्टोबर

कोठाराची पाहणी केली. जागा ऐसपैस आहे, पण सांभाळणारा माणूस बघून जेवणावरची वासना उडाली. त्याला सगळे कोठीमामा म्हणतात. नखांत काळं, मिशीत सकाळचं अन्न, आणि नाक शिंकरलं की हात पुसायला नवीकोरी ब्लँकेट्स. मी त्याला रुमाल देऊ केला, तर त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि बोटं पुन्हा ब्लँकेटला पुसली.

रोपवेला दोन पाळणे आहेत. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि मध्यावर दोघांची गाठ पडते. वर सामान भरून जातं, खाली येणारा पाळणा मात्र रिकामा. फाटके बूट, मोडके स्टोव्ह, काहीच परत येत नाही. मी विचारलं तर कोठीमामा म्हणाला, वरचं खाली घ्यायचं नाही, माझ्या आधीच्या कोठीवाल्यानेही घेतलं नाही, तिकडचा घाण वास कोण नाकात घालून घेणार. वासाबद्दल या गृहस्थाने बोलावं! मी पोट धरून हसलो.

८ ऑक्टोबर

नियम लावला. साधाच आहे: जुनं आल्याशिवाय नवं नाही. बूट हवेत? झिजलेले बूट टॅग लावून खाली पाठवा, टॅगांचं पाकीट वर धाडलंय. टॅग जुळला की पडद्यावर हिरवं, नाहीतर लाल. चोरी नाही, नासधूस नाही, बोट ठेवायला जागा नाही. तळाचे साहेब बेहद्द खूश झाले. ते बहुतेक वेळ शेगडीपाशीच असतात आणि रुमालावर अत्तर शिंपडून घेतात.

वायरलेसवर चौकीलाही कळवलं. तिकडचा आवाज फार अदबीचा, फक्त तोंडात घास असल्यासारखा. म्हणाला, नियम उत्तम आहे, आम्ही याचीच वाट बघत होतो. मेहुण्याशी बोलायचंय म्हटलं, तर तो कामावर असल्याचं कळलं.

११ ऑक्टोबर

आज डोकं झकास चाललं. जवानांच्या मनगटासाठी टॅग लावलेले पट्टे वर पाठवले. त्यामुळे माणशी शिधा बरोबर निघतो. माणसांसाठी वेगळा तक्ता बनवायचा म्हणजे आठवडाभराची डोकेफोड, म्हणून त्यांना ‘वापरातल्या वस्तूं’च्याच यादीत घालून टाकलं. स्टोव्हच्या खाली, तंबूच्या वर. रकाने तेच: चांगली, दुरुस्तीयोग्य, निकामी. मेहुण्याच्या पुढे ‘चांगली’ असं आलं. हिला फोन करून सांगितलं, तुझा भाऊ चांगल्या स्थितीत आहे. ती रडली आणि मग मला नीट जेवायला सांगितलं. म्हणजे खूशच झाली असणार.

१३ ऑक्टोबर

खाली येणारा पाळणा आज पहिल्यांदाच भरून आला. बूट होते. वरून इतके स्वच्छ, की कुणीतरी चाटून काढल्यासारखे. एकात मी हात घातला. आत काहीतरी मऊ आणि ओलसर चिकटलं होतं, दुधावरच्या सायीसारखं, सुरकुतलेलं. कोठीमामाने ते बोटाने ओढून काढलं, उजेडात धरलं, आणि म्हणाला की हे कातडं आहे, टाचेचं. मग त्याने त्याचा वास घेतला. मी कोठाराच्या मागे जाऊन भडाभडा ओकलो.

थंडीने पाय सोलले जातात, असं स्वयंपाक्याने सांगितलं. तसंच असेल. पडद्यावर सगळं हिरवं आहे.

१५ ऑक्टोबर

झोपायच्या पिशव्या आल्या. ओल्या, जड, पिवळट चरबीने थबथबलेल्या. आणि कोमट. बर्फाच्या वाऱ्यातून एवढं अंतर कापून आलेल्या वस्तू कोमट! चरबी स्कॅनरच्या बटणाला लागली, तिथून माझ्या बोटांना, बोटांवरून बाहीला. तीनदा साबण लावला. वास गेला नाही, आणि शिसारी आणणारी गोष्ट ही की तो वास वाईट नाही. डबाबंद मटणासारखा आहे. दुपारी ताटात तेच वाढलं होतं. मी ताट सरकवलं, तर स्वयंपाक्याला राग आला.

कोठीमामा म्हणतो, आता तरी घेणं बंद करा. सामान कमी उचलावं लागेल म्हणून म्हणतोय, दुसरं काय. पण आज पहिल्यांदाच त्याने हात धुतलेले मी पाहिले.

१७ ऑक्टोबर

मुख्यालयाकडून अभिनंदनाचा संदेश. माझा नियम आता सगळ्या चौक्यांना लागू होणार, आणि कुणी खालच्या माणसाने त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून त्याला कुलूपही घातलंय. खालचा माणूस म्हणजे आता मीही त्यात आलो. साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि नंतर हात रुमालाला पुसला. मला वास येत असावा.

वायरलेसवर मेहुण्याची सुट्टी मागितली. आवाज अदबीने चघळत राहिला. चाटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाला, तुमचे मेहुणे अजून वापरात आहेत.

माझ्याच पडद्यावरचा शब्द उचलला असेल. भाषेचं ज्ञान बेताचं असेल बिचाऱ्याचं. मी हिला हे सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर

आज पत्र्याचा एक डबा आला. वर चिठ्ठी: जवान, सुटे भाग.

आत दात होते. धुतलेले, आकाराप्रमाणे लावलेले, दाढा वेगळ्या. खालच्या थरात नखं. मुळापासूनची. डबा माझ्या हातातून पडला आणि दात फरशीवर घरंगळत गेले, आणि मी ते गोळा करत बसलो. कागदाने उचलायला हवे होते, पण हातानेच उचलले. का, ते मला माहीत नाही. एक बुटात जाऊन बसला होता.

डबा घेऊन तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी आत पाहिलं नाही. म्हणाले, वर दातांचा डॉक्टर नाही, थंडीने पडतात, तुम्ही उगीच घाण उकरू नका, आकडे छान आहेत. रुमाल नाकाला होता. त्या डब्यापेक्षा तो माणूस जास्त किळसवाणा वाटला मला.

डब्याचा टॅग आपोआप जुळला. हिरवं. मागणी मुख्यालयाला गेली.

२१ ऑक्टोबर

मागणी पुरी झाली. ट्रकमधून एक धिप्पाड पोरगा उतरला. कागदावर लिहिलं होतं: जवान, नवा, एक. चार वाट्या सूप प्यायला, आईने विणलेला स्वेटर सगळ्यांना दाखवला, आणि मला विचारलं, वर थंडी फार असते का हो काका. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो हसला. त्याला वाटलं, शहरी माणूस, घाबरट.

साहेबांना सांगितलं. त्यांनी कानांवर हात ठेवले. रोपवेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, माझं काम दांडा ओढायचं.

पोरगा पाळण्यात उभा राहून हात हलवत गेला. माझ्या हातातला स्कॅनर टूं करून वाजला. बटण मीच दाबलं होतं. सवयीने.

खाली बंडल आलं. ताडपत्रीत गुंडाळलेलं. माणसाच्या लांबीचं, पण मी ते एका हाताने उचललं, इतकं हलकं. मी उघडलं नाही. कोठीमामाने टोक उचलून बघितलं. मग तो रस्त्याला लागला आणि चालत राहिला. आता वळेल, मग वळेल, म्हणून मी बघत बसलो. वळणापलीकडे गेला तो गेलाच. घाणेरडा माणूस, पण तो गेल्यावर मला एकटं वाटलं.

२३ ऑक्टोबर

मेहुण्यापुढे आज ‘दुरुस्तीयोग्य’.

नियम काढायचा प्रयत्न केला. कुलूप. यादीतून त्याला पुसायचा प्रयत्न केला. कुलूप. मुख्यालयाला लिहिलं की ही माणसं आहेत, माणसं, वर कुणीतरी त्यांना झिजवून खातंय. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार, पुढचे दोन नवे ट्रकने निघाले आहेत.

हिचा फोन. विचारत होती, बाळ भेटला का. अजून बाळच म्हणते त्याला. मी म्हटलं, येतोय. माझ्या तोंडाला मटणाचा वास येत होता. काल रात्री जेवलो नाही, आजही नाही. मग वास कसला —

२४ ऑक्टोबर

वायरलेसवर हातापाया पडलो. रडलो. तिकडे ओठ चाटणं चालू.

मग म्हणाला, देऊ ना परत. अख्खे. एकही भाग कमी नाही, शब्द देतो. पण नियम तुमचाच आहे. आधी नवा पाठवा.

ट्रक उद्या येतोय. दोन पोरं. त्यातल्या एकाचा टॅग मेहुण्यासमोर जुळवला की — किती सोपं — कुणाला कळणारही नाही, सगळं हिरवं —

हा विचार मी केला. पाच मिनिटं तरी केला. कोणता पोरगा, हेसुद्धा ठरवू लागलो, जो जास्त बोलेल तो नको, असं. थू. थू माझ्या जिण्यावर. आरशात बघवत नाही.

२५ ऑक्टोबर, सकाळ

ट्रक आला. मी फाटकापाशीच अडवला. खोटं सांगितलं — वर साथ आली आहे, मुख्यालयाने परत बोलावलंय. पोरं उतरलीच नाहीत. एक झोपलेला, तोंड उघडं. दात सगळे जागेवर. ट्रक वळला. गेला.

साहेब आत. शेगडीपाशी.

पट्टा मनगटाला बांधला. माझा. पडद्यावर टाकलं: नवा, एक. त्याच्यासमोर मेहुणा.

हिरवं.

रोपवेवाल्याने विचारलंसुद्धा नाही. दांडा ओढला.

पाळण्यात

खाली बघवत नाही म्हणून लिहितोय. वारा. वरून वास येतोय — तोच, मटणाचा, कोमट — आणि तोंडाला पाणी सुटतंय, शी — थुंकतोय, तरी सुटतंय —

वरून दोर करकरतोय. म्हणजे तिकडून तोही निघाला. निघाला असेल. खाली पोचेल. हिला फोन करेल. बाळ घरी जाईल. बास, एवढंच.

ढग. काही दिसत नाही.

दुसरा पाळणा — दिसला. येतोय. त्यात उभं कुणी नाही. बसला असेल. दमला असेल —

जवळ आला. ताडपत्री नाही. बंडल नाही. देवा. नुसता गणवेश ठेवलाय. नीट घडी घातलेला, बाह्या आत दुमडून, वर पट्टा —

गणवेश नाही.

शब्द पाळला. एकही भाग कमी नाही. त्याचीच घडी — हात आत, पाय आत, बोटं एकावर एक — तोंड वरच्या बाजूला, सपाट —

अगदी शेजारी आलाय. डोळे. हलले. माझ्याकडे —

ओठ हलतायत. ओळखलं मला. दाजी म्हणतोय. दाजी, वर नको, उडी मा