झ्गोदा संघाचे उरलेले दप्तर

मी, स्तेफानिया व्झोसेक, वडिलांचे नाव इग्नात्सी, वय सदुसष्ट, पूर्वीचा व्यवसाय शिवणकाम, राहणार सात नंबर खाणीची वसाहत, उत्तर फ्रान्स, लिहून ठेवते की माझे कंबरेचे हाड मोडले असले तरी डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करीत नाही. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी एका मैत्रिणीवर भरवसा ठेवून केले होते.

कलम एक. राहते घर आणि बाग माझी भाची ल्युसिएन हिला. कबुतरांचे खुराडे शेजारी गास्तों यांना द्यावे. ते नाहीतरी वीस वर्षे आपलेच समजतात.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून माझे दफन करावे, प्रार्थना पोलिश भाषेत व्हावी, उरेल ते ल्युसिएनचे. आमच्या पोलिश खाणकामगारांच्या झ्गोदा संघाचा झेंडा शवपेटीवर घालू नये. अध्यक्ष हेन्रिक दुजियाक यांना भाषण करू देऊ नये. ‘झ्गोदा’ म्हणजे सलोखा, हे त्यांना मीच सांगितले होते.

कलम तीन. वह्या बांधायचे दाबयंत्र, सुया आणि मेणाचा दोरा जिल्हा दप्तरखान्याला.

कलम चार, संघाचे दप्तर. हे जरा सविस्तर लिहिते.

मी एकतीस वर्षे संघाची चिटणीस होते. सभागृहाच्या माडीवर १९२३ पासूनची सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते, गायनमंडळाचे फोटो आणि पोलंडहून आलेली पत्रे होती. दर गुरुवारी दुपारी मी आणि माझी मैत्रीण ब्रोनिस्वावा कुख्ता, म्हणजे ब्रोन्का, तिथे बसत असू. ब्रोन्का वाचून दाखवी, मी यादीत लिही. कॉफी तिची, केक माझा.

यंदा मार्चमध्ये मी जिन्यावरून पडले. मी इस्पितळात असताना कार्यकारिणीने सभागृह विकायचा ठराव केला. घरी आले तेव्हा माडी रिकामी होती.

“अगं स्तेफा, पाईप फुटला,” ब्रोन्का म्हणाली. “सगळ्याचा लगदा झाला. तुला सांगून काय करणार होते? तू तिथे पाय टांगून पडलेली!”

मी रडले. तिने माझा हात धरून ठेवला.

आठवड्याने गास्तों हातगाडीवर चार खोकी घेऊन दारात उभे राहिले. कबुतरांच्या घरट्यांना कागद हवा म्हणून त्यांनी ती सभागृहामागून उचलली होती. वरच्याच पानावर माझे अक्षर पाहून ती परत आणली. मी हात लावून पाहिला. कागद खडखडीत कोरडे.

“पाण्यातून वाचली का हो?” मी विचारले.

“कसलं पाणी? तुमच्या मैत्रीणबाई दोन दिवस बसून एकेक कागद चाळत होत्या. मग म्हणाल्या, जाळा सगळं. ही चार खोकी तेवढी उरली.”

ती काय शोधत होती, ते मला तिथेच कळले.

१९३४ च्या संपानंतर खाण कंपनीच्या सांगण्यावरून सरकारने अकरा जणांना अठ्ठेचाळीस तासांत देशाबाहेर काढले. त्यांत माझे वडील होते. मी पाच वर्षांची होते. आईला छातीचा आजार, तिला हलवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही मागे राहिलो. बाबांची पत्रे १९३९ पर्यंत आली, पुढे नाहीत. ब्रोन्काचे वडील लुद्विक कुख्ता दर शनिवारी आमच्या दारात बटाट्यांची पिशवी ठेवून जात. आई त्यांच्या हाताचे चुंबन घेई.

१९७४ मध्ये कंपनीचे कार्यालय बंद झाले आणि पोलिश कामगारांचे कागद संघाकडे आले. त्यांत कंपनीला लिहिलेले एक पत्र होते. संप घडवणाऱ्यांची म्हणून अकरा नावे, तिसरे बाबांचे. खाली सही नव्हती, पण संघाची जुनी इतिवृत्ते लुद्विक काकांनीच लिहिलेली. ते अक्षर मी झोपेतही ओळखले असते. मी पत्र घरी आणले, कोणाला बोलले नाही. पुढच्या गुरुवारी केक घेऊन माडीवर गेले.

खोकी आल्यावर मी ब्रोन्काला बोलावून सरळ विचारले.

“बाबांनी मरताना सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “कधी ना कधी तुला सापडलंच असतं. भर सभेत वाचून दाखवलं असतंस तू.”

“बावीस वर्षं माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे ते, ब्रोन्का. दाखवलं का कुणाला?”

तिने मशीनकडे पाहिले.

“मग दे ना ते मला.”

एवढेच म्हणाली. माझ्या बाबांबद्दल एक शब्द नाही. हजारो माणसांचे कागद जाळल्याबद्दलही नाही.

जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की ते पत्र न उघडता माझ्याबरोबर पुरावे. आता तसे करू नये. चारही खोकी आणि ते पत्र जिल्हा दप्तरखान्यात जमा करावे. पत्र मोहोरबंद करू नये. सोबत माझ्या हातची चिठ्ठी आहे, तीही ठेवावी: लुद्विक कुख्ता यांनी नऊ वर्षे आम्हाला बटाटे पुरवले, आणि तेही खरे आहे.

कलम पाच. ब्रोनिस्वावा कुख्ता हिला मी काही ठेवीत नाही. पत्र हवे असेल तर दप्तरखान्यात जावे, वहीत आपले नाव लिहावे, आणि इतरांसारखे टेबलाशी बसून वाचावे. माझ्या दफनाला ती आली, तर कोणी अडवू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही: स्तेफानिया व्झोसेक

आमच्यासमोर सही केली:
ओदिल व्हासर, बेकरीवाल्या
काझिमिएश म्रुझ, निवृत्त शिक्षक

सात नंबर खाणीची वसाहत, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६