जिव्हाळ्यात हजेरी कमी

वसतिगृह, ३ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय कसा आहे? प्लॅस्टरच्या आत खाजतं म्हणून विणायची सुई घालतेस, हे बाबांच्या पत्रातून कळलं. शोभतं का हे तुला?

पूल बांधायच्या सगळ्या विषयांत पास झाले गं. अडले कुठे, तर 'कुटुंब आणि जिव्हाळा' या विषयात! इंजिनिअरनं माणूसही व्हावं म्हणून आमच्याकडे असा एक सामान्य विषय सक्तीचा असतो. तुझा पाय मोडला तेव्हा मी घरी राहिले, त्यात हजेरी कमी पडली. बाई म्हणाल्या, तू केलंस ते अगदी आमच्या पुस्तकातल्यासारखं, फार कौतुक वाटतं, पण हजेरी काही देता येत नाही. आता सुट्टीतले जादा तास केले तरच पदवी, आणि पदवी मिळाली तरच नोकरी. ते तास नेमके तुझं प्लॅस्टर निघायच्या वेळी. तू पहिलं पाऊल टाकशील तेव्हा मी जवळ नसेन, या विचारानंच जीव तुटतो. काय करू?

रागावलीस तरी माझीच राहा,
तुझी चिमी

घर, ९ मे

चि. चिमीस,
अ. उ. आ.

कर्म माझं! आईची सेवा केली म्हणून जिव्हाळ्यात नापास? तुझे बाबा चष्म्याचं दुकान बंद करून कुलगुरूंना पत्र लिहायला बसले होते. 'महोदय'च्या पुढे गाडी सरकेना, तेव्हा मीच कागद काढून घेतला. मला चालवायला धरतात तेही चष्म्याची काच धरल्यासारखं, दोन बोटांनी. पडलो तर दोघंही पडू.

तू घरी यायचं नाहीस. पदवी सोडलीस तर याद राख! मीच तिकडे येते, हे मला सोडून परत फिरतील. प्लॅस्टर काय, तिथलेही डॉक्टर काढतात. वर्ग कुटुंबाचाच आहे ना? मग कुटुंब येऊन बसलं तर कोण हाकलतं ते बघतेच.

वेळेवर जेव, आणि माया पातळ करशील तर खबरदार,
तुझी आई

वसतिगृह, २७ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे, विद्यापीठाचं सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी 'आजारी माणसाची सेवा' हे प्रात्यक्षिक होतं. त्यासाठीची बाहुली कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. बाईंनी प्लॅस्टरमधली आई पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. साऱ्या वर्गानं आळीपाळीनं आईला उठवलं, बसवलं, कुशीवर वळवलं. आईनं एकेकाला असं झापलं की दोघं विषय बदलून घ्यायला गेले.

गेल्या आठवड्यात प्लॅस्टर निघालं. हाड जुळलंय, पण आईला पाऊल टाकायची भीतीच बसली होती. माझा हात हवा आणि काठीही हवी. ही आता अशीच राहिली तर, याचीच मला काळजी लागली होती.

आज निकाल लागला. पास झाले बाबा, जेमतेम! खाली बाईंचा शेरा आहे: 'विद्यार्थिनीची विषयाशी गरजेपेक्षा जास्त जवळीक.' आईनं तो दोनदा वाचला. मग उठली आणि निघाली तरातरा, सबंध व्हरांडा ओलांडून बाईंच्या खोलीकडे. काठी माझ्याच हातात राहिली. मी हाक मारली नाही बाबा, रडत हसत नुसती बघत राहिले.

बाईंची कीव आली तरी आम्हा दोघींवरचा लोभ कमी करू नका,
तुमची चिमी